दुग्धज्वर : उपाय आणि उपपत्ति

रोगाला नांव देण्याचा मान बहुधा त्यास पहिल्यानें पाहणाऱ्याकडे जातो, आणि पहिल्यानें पाहणारा पुष्कळदां चुकतो. गाईच्या ज्या विकारास इंग्रजींत ‘मिल्क फीव्हर’ व त्यावरून मराठींत दुग्धज्वर असें म्हणतात, त्यांत ज्वर मुळींच नसतो. उलट, अशा गाईचे कान हाताला थंडगार लागतात आणि थर्मामीटर लावला तर पारा नेहमींच्या खुणेखालींच उभा राहतो. तरी तें खोटें नांव टिकलें तें टिकलेंच. या रोगावरील उपायाची हकीकतहि अशीच चमत्कारिक आहे. ज्या उपपत्तीवरून पहिला रामबाण उपाय निघाला ती उपपत्ति खोटी ठरली; तिच्या जागीं जी दुसरी आली ती अर्धीच खरी निघाली; आणि तरीहि या दोन्ही उपायांनीं असंख्य गाई मरणाच्या दारांतून परत आणल्या. रोगी मुका आणि वैद्य आडगांवचा, म्हणून वैद्यकाच्या मोठ्या इतिहासांत या कथेस कोपऱ्यांतली जागा मिळाली. परंतु ज्ञान आणि कृति यांचा परस्परसंबंध काय, या जुन्या प्रश्नावर गोठ्यांतील या कथेइतका प्रकाश फार थोड्या ठिकाणीं पडतो. म्हणून ती येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम रोगाचें स्वरूप पाहूं. गाय सुखरूप वितें, वासरूं आपल्या पायांवर उभें राहतें, चीक निघूं लागतो आणि घरांत खरवसाची तयारी होते. मग एकदोन दिवसांत, बहुधा तीन दिवसांच्या आंतच, गाय चारा सोडते. तिचे मागचे पाय लटपटूं लागतात. ती खालीं बसते आणि पुन्हां उठत नाहीं. मान वळवून डोकें कुशीवर टेकते. मुस्कट कोरडें पडतें, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, शेण थांबतें, पोट फुगूं लागतें. अखेरीस ती आडवी होते व शुद्धीवर न येतां प्राण सोडते. आरंभापासून शेवटापर्यंत कधीं कधीं एक अहोरात्रहि लोटत नाहीं. क्रूर भाग असा कीं हा रोग मरतुकड्या गाईला सहसा होत नाहीं. तिसऱ्या-चौथ्या वेताची, भर जोमांतली, गोठ्यांत सर्वांत अधिक दूध देणारी जी गाय, तिच्यावरच तो झडप घालतो. शेतकऱ्याच्या घरीं लक्ष्मी यावी आणि उंबऱ्यावरूनच तिनें परत फिरावें, असा हा प्रकार आहे.

एकोणिसाव्या शतकांतील युरोपांत या रोगापुढें पशुवैद्यांनीं हात टेकले होते. उपाय पुष्कळ होते, आणि ज्या रोगास उपाय पुष्कळ त्यास खरा उपाय एकहि नसतो हा अनुभव येथेंहि येत होता. कोणी शीर तोडून रक्त काढी, कोणी जालीम रेचक पाजी, कोणी पाठीच्या कण्यावर फोड उठविणारा लेप लावी, कोणी डोक्यावर गार पाण्याची धार धरी. यांतील कित्येक उपाय रोगापेक्षां घातक होते. या विकारांत गाईची गिळण्याची शक्ति जाते. म्हणून तोंडावाटें ओतलेलें औषध पोटांत न जातां फुप्फुसांत उतरतें, आणि रोगानें न मेलेली गाय औषधानें मरते. आजारी पडलेल्या शंभर गाईंतील साठ-सत्तर दगावत असा त्या काळाचा अंदाज आहे. ज्या वाचत, त्या उपचारामुळें वाचल्या कीं उपचार असूनहि वाचल्या, हें सांगणें कठीण होतें.

या प्रश्नाची निकड सर्वांत अधिक भासली ती डेन्मार्कला. १८६४ सालच्या युद्धांत त्या चिमुकल्या राष्ट्राचे श्लेस्विग आणि होल्स्टाइन हे दोन प्रांत गेले. पुढें १८७० नंतर अमेरिकेचें आणि रशियाचें स्वस्त धान्य युरोपच्या बाजारांत येऊन पडलें, तेव्हां डॅनिश शेतकऱ्याचें गहूं-बार्लीवर भागेना. त्यानें धान्य पिकविण्याऐवजीं तें गाईस चारून लोणी विकण्याचा मार्ग पत्करला. १८७८ सालीं मलई काढण्याचें यंत्र निघालें, १८८२ सालीं जटलंडमधील हेडिंग गांवीं पहिली सहकारी दूधशाळा उघडली, आणि कांहीं वर्षांतच डॅनिश लोणी इंग्लंडच्या न्याहरीच्या टेबलावर जाऊन बसलें. गाय हें त्या देशाचें भांडवल झालें. निवडक पैदाशीनें आणि भरपूर खुराकानें तिचें दूध जसजसें वाढलें, तसतसा दुग्धज्वरहि वाढला. समृद्धीबरोबर तिची पडछाया यावी तसा तो आला.

जटलंडमध्येंच, त्या वेळच्या जर्मन सरहद्दीपासून जवळ, कोल्डिंग नांवाचें गांव आहे. तेथें श्मिट नांवाचा पशुवैद्य व्यवसाय करीत होता. तो विद्यापीठांतला पंडित नव्हे, तर बोलावणें आलें कीं गोठ्यांत जाऊन उभा राहणारा धंदेवाईक वैद्य होता. १८९७ सालीं त्यानें दुग्धज्वरावरील आपला नवा उपाय प्रसिद्ध केला. याच वर्षीं कोपनहेगनच्या बर्नहार्ड बांग यानें गाईंच्या सांसर्गिक गर्भपाताचा जंतु जाहीर केला, आणि इकडे मुंबईंत हाफकिनची प्लेगप्रतिबंधक लस प्रथम टोंचली गेली. काळ जंतूंचा आणि विषांचा होता. घटसर्पाचा जंतु शरीरांत विष सोडतो आणि त्या विषावर उतारा देतां येतो, हें नुकतेंच सिद्ध झालेलें होतें. तेव्हां शोधकाची दृष्टि स्वाभाविकच विष कोठें आहे इकडे वळे.

श्मिटचा तर्क सरळ होता. रोग व्याल्यानंतर होतो, दुभत्या गाईस होतो, आणि जितकी गाय दुभती तितका जोरानें होतो. अर्थात् रोगाचें घर कास हें असलें पाहिजे. चीक तयार होतांना कासेंतील पेशी झपाट्यानें झडतात. त्यांच्या कुजण्यांतून एखादें विष निर्माण होऊन रक्तांत भिनत असेल, असें त्याला वाटलें. मग हें विष जेथें उपजतें तेथेंच त्यास गांठावें, म्हणून त्यानें पोटॅशियम आयोडाइड उकळून निवविलेल्या पाण्यांत विरघळवून, नरसाळें, रबराची नळी आणि सडांत घालण्याची बारीक नळी एवढ्या साहित्यानें, चारी सडांवाटें कासेंत सोडलें. औषध आंत सर्वत्र पसरावें म्हणून त्याबरोबर थोडी हवाहि जाऊं दिली आणि कास हलकेंच चोळली. कांहीं तासांत गाय मान उचलूं लागली, आणि मग उठून उभी राहिली.

हा उपाय इतर वैद्यांनीं करून पाहिला, तेव्हां त्यांचाहि अनुभव तोच आला. मरणाऱ्यांचें व वाचणाऱ्यांचें प्रमाण उलटें झालें. दहांतील नऊ गाई बऱ्या होऊं लागल्या. परंतु पुढची गोष्ट याहून नवलाची आहे. आयोडाइडऐवजीं दुसरीं द्रव्यें घालून पाहिलीं तरी गुण येई. कोणी शुद्ध प्राणवायु वापरला, त्यानेंहि गुण आला. अखेर १९०१ सालीं स्कॅनडरबोर्गच्या अँडरसन यानें औषध, पाणी सर्व बाजूस ठेवून कासेंत नुसती हवा भरली, आणि परिणाम श्मिटच्या औषधापेक्षांहि सरस आला. कास फुगून टणक झाली कीं सडांना फीत बांधायची आणि गाईची वाट पाहायची, एवढाच काय तो उपचार. हवा कापसांतून गाळून घेण्याची खबरदारी मात्र अवश्य होती, नाहीं तर गाय उठे आणि कास सुजे. पुष्कळ ठिकाणीं यासाठीं सायकलचा पंपहि उपयोगांत आला. शतकानुशतकांच्या औषधांना जें साधलें नव्हतें तें सायकलच्या पंपानें साधलें, आणि मृत्यूचें प्रमाण शेंकड्यास मोजक्या गाईंवर आलें.

आतां विषाच्या उपपत्तीचें काय झालें? ती अर्थातच कोलमडली. विषावर उतारा म्हणून जें द्रव्य घातलें, तें वगळलें तरी गुण येतो, याचा अर्थ गुण त्या द्रव्याचा नव्हता. मग कशाचा? याचें उत्तर पुढें चोवीस वर्षें कोणाजवळ नव्हतें. गाय उठत होती. ती कां उठते हें माहीत नव्हतें.

येथें एखादा चतुर वाचक आम्हांस अडवील. तो म्हणेल कीं, असें असेल तर डाग देणारा वैदू आणि हा डॅनिश पशुवैद्य यांत फरक तो कोणता? दोघांचाहि सिद्धांत खोटा, आणि वैदूच्याहि हातून एखादी गाय बरी होतेच. हा आक्षेप टाकाऊ नाहीं. त्याचें उत्तर सिद्धांताच्या खरेपणांत शोधूं गेल्यास मिळणार नाहीं. तें श्मिटच्या आणि त्याच्या व्यवसायबंधूंच्या रीतींत आहे. आपली रीत त्यानें गुप्त ठेविली नाहीं. कोणासहि करून पाहतां येईल अशी ती छापून काढली. इतरांनीं ती करून पाहिली आणि किती गाई जगल्या व किती मेल्या हें मोजलें. आणि मुख्य गोष्ट अशी कीं, औषध वगळून नुसती हवा घालून पाहण्यास कोणासहि मज्जाव नव्हता. वैदूचा उपाय गुरूकडून शिष्याकडे जातो तो जसाचा तसा. त्यांतला अमुक भाग काढून पाहूं, हें म्हणण्याची सोय तेथें नसते. खोट्या उपपत्तीवर उभारलेली कृति शास्त्रीय असूं शकते, जर तिच्यांत स्वतःची उपपत्ति खोटी पाडण्याची मोकळीक असेल. श्मिटचा उपाय चार वर्षांत आपल्याच जनकाच्या सिद्धांतावर उलटला, हा त्याचा कमीपणा नव्हे. तोच त्याचा मोठेपणा होय.

कथेचा दुसरा अंक एडिंबरोंत घडतो. स्कॉटलंडमधील शेतकऱ्यांनीं पहिल्या महायुद्धानंतर स्वतः वर्गणी करून जनावरांच्या रोगांच्या संशोधनासाठीं एक मंडळ काढलें. त्यांतूनच पुढें मोरडन येथील संस्था उभी राहिली. या संस्थेंत ज्याचा बहुतेक जन्म गेला तो जॉन रसेल ग्रेग, आणि त्याच शहरांतील डिक पशुवैद्यक महाविद्यालयाचा शरीरक्रियाशास्त्राचा अध्यापक हेन्री ड्रायर, या दोघांनीं १९२५ सालीं दुग्धज्वराविषयीं एक नवीन कल्पना मांडली. मानेंतील परोपावटु ग्रंथि काढून टाकल्या तर कुत्र्यास आंचके येऊन तो मरतो, आणि त्यास कॅल्शियमचा क्षार दिल्यास आंचके थांबतात, हें अमेरिकेंत मॅक्कॅलम व फोग्टलिन यांनीं १९०९ सालींच दाखविलें होतें. ड्रायर व ग्रेग यांनीं तर्क केला कीं, दुग्धज्वर हेंहि रक्तांतील कॅल्शियम एकाएकीं घटल्याचेंच लक्षण असावें. त्याच वर्षीं लिटल व राइट यांनीं आजारी गाईंचें रक्त तपासलें, तेव्हां त्यांत कॅल्शियम खरोखरच फार कमी आढळलें. निरोगी गाईच्या रक्तरसांत शंभर घनसेंटिमीटरांस नऊदहा मिलिग्रॅम कॅल्शियम असतें. अशा गाईंत तें पांचावर किंवा त्याच्याहि खालीं उतरतें.

या मताला आक्षेपहि होते. कुत्र्यास आंचके येतात, मग गाय लुळी कां पडते, असें पुसलें जाई. आणि इन्शुलिनचा शोध ताजा असल्यामुळें हा सारा प्रकार रक्तांतील साखर उतरल्याचा आहे, असें स्वीडनमधील संशोधकांचें म्हणणें होतें. पण वादाचा निकाल गोठ्यांत लागला. १९३० सालीं ग्रेगनें कॅल्शियम ग्लुकोनेटचें इंजेक्शन हा या रोगावरील नेमका उपाय म्हणून पुढें मांडला. पुढें त्याच्या जागीं अधिक विद्राव्य असें कॅल्शियम बोरोग्लुकोनेट आलें, आणि जगभर अद्याप तेंच चालू आहे. शिरेंत औषध जाऊं लागलें कीं गाईचे स्नायु थरथरतात, ती ढेंकर देते, शेण टाकते, मुस्कटावर घामाचे थेंब येतात, आणि पुष्कळदां बाटली सुटते न सुटते तोंच ती उठते. अंतकाळच्या चिकित्सेंत इतकें तत्काळ आणि इतकें डोळ्यांना दिसणारें यश फारच थोडें आहे. घाई मात्र येथें चालत नाहीं. बाटली भरभर रिती केली तर तेंच कॅल्शियम हृदय बंद पाडतें. म्हणून कुशल वैद्य एका हातानें बाटली धरतो आणि दुसऱ्या हातानें हृदयाचे ठोके ऐकतो.

आतां श्मिटचें कोडें आपोआप सुटलें. गाईच्या सर्व रक्तरसांत मिळून एका वेळीं सुमारें तीन ग्रॅम कॅल्शियम असतें. एक लिटर चिकांत तें दोन ग्रॅमांहून थोडें अधिक असतें. म्हणजे दहा लिटर चीक देणारी गाय आपल्या रक्तांतील ठेवीच्या सातपटीहून अधिक कॅल्शियम कासेवाटें बाहेर टाकते. ही भरपाई हाडांतून आणि आंतड्यांतून वेळेवर झाली तर ठीक. नाहीं तर मज्जातंतूंचा निरोप स्नायूंपर्यंत पोंचत नाहीं आणि गाय जागच्या जागीं खचते. कासेंत हवा दाटली कीं तिच्या दाबानें दूध तयार होणें थांबतें आणि गळती बंद होते. श्मिटनें रोगाचें घर कास म्हणून ओळखलें तें बरोबर होतें. पण तेथें विष उपजत नव्हतें, तेथून द्रव्य वाहून जात होतें. पुढें १९४९ सालीं विस्कॉन्सिन येथील संशोधकांनीं शस्त्रक्रियेनें कास काढून टाकलेल्या गाईंचें वेत पाहिलें. अशा गाईंना दुग्धज्वर झाला नाहीं.

परंतु एडिंबरोच्या उपपत्तीचाहि एक भाग पुढें टिकला नाहीं. ग्रंथींचा स्राव अपुरा पडतो म्हणून कॅल्शियम घटतें, असें ड्रायर व ग्रेग मानीत. रक्तांतील तो स्राव मोजण्याचें साधन जेव्हां हातीं आलें, तेव्हां आजारी गाईंत तो कमी नसून उलट वाढलेला आढळला. ग्रंथि हांक मारीत होती. हाडें व मूत्रपिंडें ती ऐकत नव्हतीं. तीं कां ऐकत नव्हतीं, याचा धागा नॉर्वेंत सांपडला. मुरघास टिकविण्यासाठीं त्यांत खनिजाम्लें घालण्याची तिकडे पद्धति होती. एंडर, डिशिंग्टन व हेल्गेबोस्टाड यांनीं १९६० नंतरच्या दशकांत दाखविलें कीं, व्याण्यापूर्वीं असा आम्लाकडे झुकणारा आहार दिल्यास दुग्धज्वर टळतो. हिरव्या चाऱ्यांत पोटॅशियम फार असलें कीं रक्त अल्कतेकडे झुकतें, आणि मग ग्रंथीचा निरोप इंद्रियांना नीट लागत नाहीं, हें पुढें स्पष्ट झालें.

येथें आम्हांस या कथेचें खरें मर्म सांपडतें. उपाय चुकीच्या वाटेनें जाऊनहि हातीं लागला. प्रतिबंध मात्र तसा हातीं लागला नाहीं. रोग कॅल्शियमच्या तुटीचा आहे असें कळल्यावर, व्याण्यापूर्वींच गाईस कॅल्शियम भरपूर चारावें असें कोणासहि वाटेल, आणि पुष्कळांस तसें वाटलेंहि. पण कॅलिफोर्नियांतील बोडा व कोल यांनीं १९५४ सालीं याच्या उलट दाखविलें. व्याण्यापूर्वीं कॅल्शियम कमी मिळालेली गाय आपल्या हाडांतून तें काढण्यास सज्ज राहते आणि रोगापासून वांचते. भरपूर मिळालेली गाय आयत्या वेळीं बेसावध सांपडते. तेव्हां अर्धसत्य उपपत्ति ही निरुपद्रवी असते असें नाहीं. संकटकाळीं तिच्यावर निभावतें, कारण तेथें गाय उठते कीं नाहीं हा निर्णय तत्काळ मिळतो आणि चूक लपत नाहीं. परंतु संकट येऊंच नये अशी व्यवस्था करावयाची, तर निर्णय महिनोन्महिने मिळत नाहीं, आणि तेथें चुकीचें कारण धरून चालणारा माणूस सद्भावनेनें रोगच पोसतो.

ही गोष्ट आपल्यापासून दूरची नाहीं. मुंबईंत परळ येथें १८८६ सालीं पशुवैद्यकाचें महाविद्यालय निघालें, तेव्हां आपल्या खिल्लार किंवा डांगी गाईकडून बैलाची अपेक्षा असे, घागरीभर दुधाची नव्हे. अशा बेताच्या दुधाच्या गाईंस दुग्धज्वर क्वचितच गांठतो. १९६७ सालीं मणिभाई देसाई यांनीं उरुळीकांचन येथें ‘बाएफ’ ही संस्था स्थापिली, आणि जर्सी व होल्स्टाइन रक्ताच्या संकरित गाईंची पैदास महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पसरली. तिच्याबरोबर, एकोणिसाव्या शतकांत डेन्मार्कच्या दारीं आलेली तीच पडछाया आपल्याहि दारीं आली. जिची किंमत एखाद्या लहान शेतकऱ्याच्या वर्षाच्या मिळकतीएवढी आहे, अशी गाय जेव्हां रात्रीं मान कुशीवर टाकून बसते, तेव्हां त्या घरांत काय होत असेल हें वाचकांस वेगळें सांगावयास नको. अशा वेळीं तोंडांत औषधाची बाटली रिकामी करण्याचा मोह आवरणें आणि तत्काळ जाणत्यास बोलावणें, एवढेंहि पुष्कळांस ठाऊक नसतें. आणि व्याण्याच्या आधींचे तीन आठवडे गाईस काय चारावें, हें तर त्याहून थोड्यांस ठाऊक असतें.

इंजेक्शनाची बाटली आज तालुक्याच्या प्रत्येक औषधांच्या दुकानांत मिळते, म्हणून कासेंत हवा भरण्याची रीत मागें पडली. तरी पशुवैद्यकाच्या ग्रंथांतून ती अजून सर्वस्वीं गेलेली नाहीं. जेथें दुसरें कांहींच मिळण्यासारखें नसेल तेथचा अखेरचा उपाय म्हणून तिचा उल्लेख आढळतो. श्मिटच्या विषाचा मात्र आतां कोणी उल्लेखहि करीत नाहीं, आणि तें योग्यच आहे. त्या विषाच्या शोधांत त्याचा हात कासेपर्यंत गेला आणि तेथें गाय वाचली. पुढच्यांनीं त्याचें कारण टाकून दिलें आणि त्याची गाय तेवढी ठेवून घेतली.